चांगलं गोल्फ खेळणारे प्रो का होत नाहीत?

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब असो, नाहीतर सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स, सकाळी सहाच्या सुमाराला तिथे एखादा खेळाडू असा दिसतोच की त्याचा पहिला फटका बघायला मागचे लोक बोलणं थांबवतात. चेंडू सुटतानाचा आवाजच वेगळा असतो. चेंडू उंच जातो, शेवटी किंचित डावीकडे वळतो आणि फेअरवेच्या मधोमध उतरतो. अठरा होल संपवून हा माणूस आंघोळ करतो, शर्ट बदलतो आणि अकराच्या मीटिंगला बीकेसीत हजर असतो.

त्याला पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "एवढा चांगला खेळतो, मग प्रो का नाही झाला?" आणि बहुतेक वेळा उत्तरही आपणच देऊन टाकतो. हिंमत झाली नसेल, घरच्यांनी अडवलं असेल, नाहीतर घरी पैसा आहेच म्हणून गरज वाटली नसेल. मला ही उत्तरं अपुरी वाटतात आणि थोडी अन्यायाचीही. ज्यांनी प्रो न होण्याचा निर्णय विचार करून घेतला, त्यांना आपला खेळ आणि त्या खेळाचा बाजार दोन्ही इतरांपेक्षा जास्त कळलेले असतात. हा निर्णय कसा होतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे. उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून मराठी घरांतूनही हा प्रश्न जास्त गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे असं मला वाटतं.

आधी नियमाचं बघू. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली रेघ गोल्फमध्ये खेळाच्या दर्जावरून आखलेली नाही. हौशी खेळाडू प्रोपेक्षा सरस असू शकतो आणि पुष्कळदा असतोही. रेघ आहे ती पैशाची. सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून हे नियम ठरवतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, हँडिकॅपची, म्हणजे कमी सरस खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांची, सूट न घेता खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १००० डॉलरपर्यंतचं बक्षीस घेता येतं. त्याहून जास्त घेतलं, पैसे घेऊन कुणाला खेळ शिकवला, प्रो म्हणून स्पर्धेत नाव दिलं किंवा व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं, की हौशी दर्जा जातो.

याच बदलात आणखी एक गोष्ट झाली आणि ती फारशी बोलली जात नाही. हौशी खेळाडूला प्रायोजक घ्यायची मोकळीक मिळाली. पूर्वी टोपीवर कंपनीचं नाव लावून पैसे घेतले तर दर्जा जायचा, आता जात नाही. प्रवासखर्च, साहित्य, जाहिरातीचे पैसे हे सगळं हौशी राहून घेता येतं. म्हणजे खर्च भागत नाही म्हणून नाइलाजाने प्रो होण्याचं कारण बऱ्याच अंशी उरलेलं नाही.

हँडिकॅप काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता खेळाकडे येऊ, कारण खरा गुंता इथे आहे. क्लबात कुणी 'स्क्रॅच' आहे असं म्हणतात तेव्हा त्याचा हँडिकॅप शून्य असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा प्रत्येक फेरी पारमध्ये, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांत, संपवतो. तसं नसतं. सध्याच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा फेऱ्या हिशेबातच येत नाहीत. हँडिकॅप तुमचे चांगले दिवस मोजतो. स्क्रॅच खेळाडूची सगळ्या वीस फेऱ्यांची सरासरी काढली, तर ती त्याच्या हँडिकॅपपेक्षा दोन-तीन फटक्यांनी तरी वर जाते.

व्यावसायिक स्पर्धेत यातला एकही वाईट दिवस वगळता येत नाही. चार दिवस, चार फेऱ्या, प्रत्येक फटका मोजला जातो. मोठ्या टूरवर, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, खेळणाऱ्यांचा हँडिकॅप काढला तर तो शून्याच्या पलीकडे, गोल्फच्या बोलीत 'प्लस' पाचच्या आसपास येतो. तोही सात हजार यार्डांहून लांब, कडक ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) असलेल्या, रोज नव्या अशा कोर्सवर. म्हणजे आपल्या क्लबातला शून्यवाला आणि टूरवरचा खेळाडू यांच्यात फेरीमागे पाच फटक्यांचा फरक असतो, चार फेऱ्यांत वीस. क्लबातल्या स्पर्धेत वीस फटक्यांनी कुणी कधी हरत नाही, त्यामुळे हा फरक तिथे जाणवतच नाही.

या पाच फटक्यांतले पहिले दोन मेहनतीने मिळतात. पुढचे तीन मिळवण्यात लोकांची तरुण वर्षं जातात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या लाखो फटक्यांची आकडेमोड करून दाखवलं की आठ फुटांवरून पट टाकताना, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलताना, जगातले उत्तम खेळाडूसुद्धा निम्म्या वेळा चुकतात. टीव्हीवर आपल्याला आघाडीवरच्यांचेच पट दिसतात, म्हणून ते सगळेच आत जातात असं वाटतं.

तो आठ फुटांचा पट जवळून पाहण्यासारखा असतो. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. दिवसभर लोक चालून गेल्यामुळे होलभोवती ग्रीनवर बारीक उंचवटे झालेले. गवत दुपारपेक्षा वाढलेलं, म्हणून चेंडू सकाळपेक्षा हळू धावणार. बॅग उचलणारा कॅडी मागे उकिडवा बसून म्हणतो, "डावीकडे एका चेंडूइतकं, जास्त नाही." खेळाडूला माहीत असतं की हा गेला तर उद्या खेळायचं आणि नाही गेला तर आज रात्रीच परतीचं तिकीट. आत जाण्याची शक्यता निम्मी. फटका उत्तम बसला तरी निम्मी. एका आठवड्यासाठी कुणीही हे झेलेल. वर्षातले वीस-पंचवीस आठवडे, दहा वर्षं, पोट त्याच्यावर ठेवून झेलायचं का, याचं उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं असतं.

कटच्या अलीकडे काहीच नाही

दोन फेऱ्यांनंतर मैदानातले साधारण निम्मे खेळाडू गळतात. याला कट म्हणतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवर सर्वसाधारण स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. आपल्याकडच्या पीजीटीआय टूरवर, जी २००६ पासून चालू आहे, ही रेषा साधारण पन्नासाव्या क्रमांकावर असते. कटच्या खाली राहिलेल्याला बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, प्रवेश शुल्क, कॅडीचे पैसे हे सगळं त्याने स्वतः भरलेलं असतं.

मुंबईकराला हे क्रिकेटच्या शेजारी ठेवून बघितलं की लगेच कळतं. रणजी सामन्यात अंतिम अकरात असलेल्या खेळाडूला, तो आधी किती सामने खेळला आहे त्यानुसार, दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळतं. पहिल्या चेंडूवर बाद झाला तरी मिळतं. प्रवास आणि मुक्काम संघटना बघते. गोल्फमध्ये संघ नाही, मानधन नाही, करार नाही. त्या आठवड्यात तुमचे फटके किती झाले, एवढंच.

वर पोचल्यावरही पैशाची वाटणी फार उतरती आहे. पीजीए टूरवर एकूण रकमेपैकी १८ टक्के पहिल्याला, १०.९ टक्के दुसऱ्याला, आणि पासष्टाव्याला पाव टक्क्याहूनही कमी. आपल्याकडे एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात. ही रक्कम छान वाटते, म्हणून तिच्याशेजारी खर्च मांडू. गृहीत धरू की एका स्पर्धेला प्रवास, पाच रात्रींचा मुक्काम, खाणं, प्रवेश शुल्क आणि कॅडी मिळून ६० हजार लागतात. वर्षाला वीस स्पर्धा म्हटल्या तर १२ लाख. कोच, फिजिओ, सरावाचा खर्च, खेळायच्या काठ्या (क्लब) आणि चेंडू यांचे आणखी सहा लाख धरू. झाले १८ लाख. आकडे इकडचे तिकडे होतील, पण चित्र तेच राहतं. वर्षभरात एक स्पर्धा जिंकूनही खर्च पुरा निघत नाही आणि टूरवरचे बहुतेक खेळाडू वर्षात एकही जिंकत नाहीत. जे जिंकतात त्यांनाही कॅडीला त्यातला वाटा द्यावा लागतो.

वरच्या पायऱ्यांवर जागा आणखी आक्रसल्या आहेत. पीजीए टूरवर वर्षअखेरीस पूर्ण कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, टिकवणाऱ्यांची संख्या पूर्वी १२५ होती, ती २०२६ च्या हंगामापासून १०० वर आणली आहे. सगळ्या जगातून शंभर. अनिर्बन लाहिरीसारखा माणूस तिथे पोचला, २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. अर्जुन अटवाल २०१० मध्ये विंडम चॅम्पियनशिप जिंकून पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. ही नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, कारण ती मोजकी आहेत.

उलट दिशेचं उदाहरणही द्यायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये निक डनलॅप या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियातली अमेरिकन एक्स्प्रेस स्पर्धा हौशी म्हणून जिंकली. १९९१ मध्ये फिल मिकलसनने हा पराक्रम केला होता, त्यानंतर पीजीए टूरवर कुणाला तो जमला नव्हता. पहिलं बक्षीस १५ लाख १२ हजार डॉलर होतं आणि डनलॅप हौशी असल्यामुळे ते दुसऱ्या क्रमांकाच्या ख्रिस्तियान बेझाडनहाउटला गेलं. काही दिवसांतच डनलॅप प्रो झाला. त्याचा निर्णय बरोबरच होता. विजयामुळे त्याला दोन वर्षांहून जास्त काळाचं कार्ड हातात मिळालं होतं. ज्याला दारातून आत घेतलं आहे आणि ज्याला दारासमोरच्या रांगेत उभं राहायचं आहे, त्या दोघांचा हिशेब एकच असू शकत नाही.

हौशी राहण्यात काय मिळतं

दुसरी बाजू आपल्याकडे अजिबात सांगितली जात नाही. उत्तम हौशी खेळाडूच्या पदरात पुष्कळ काही असतं आणि प्रो झाल्या दिवशी त्यातलं बरंचसं सुटतं.

राष्ट्रीय संघात असलेल्या हौशी खेळाडूला परदेशातल्या सांघिक स्पर्धांना पाठवायची जबाबदारी संघटनेची असते. १९५८ पासून चालू असलेली आयझेनहॉवर ट्रॉफी ही जागतिक सांघिक स्पर्धा हौशींचीच. आशियाई खेळांत गोल्फ १९८२ मध्ये दिल्लीत आलं आणि लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, भारताने सांघिकही जिंकलं. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं त्या स्पर्धेत फक्त हौशीच खेळत. व्यावसायिकांना दार उघडलं ते हांगझोच्या खेळांत. देशाचा शर्ट घालून खेळायची संधी आणि तिकिटाची चिंता नाही, हे विशीतल्या मुलासाठी लहान आकर्षण नाही. आणि जो आज संघातून खेळतोय तोच उद्या प्रो झाला की सगळं त्याच्या खिशातून. चांगला हौशी खेळाडू प्रो होणं एकेक वर्ष पुढे ढकलतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

शिवाय अमेरिकन विद्यापीठं. तिथल्या संघात शिष्यवृत्तीवर खेळायचं तर हौशी असावं लागतं. मुंबईच्या बऱ्याच पालकांच्या दृष्टीने गोल्फ हा शिक्षणाचा रस्ता आहे आणि त्यात चुकीचं काही नाही. मुलगी चार वर्षं उत्तम कोर्सवर खेळते, पदवी घेते, आणि बाविसाव्या वर्षी स्वतःच्या डोक्याने ठरवते.

आणि ठरवते म्हणजे कधीकधी नाही असंही ठरवते. रेचल हेक हे नाव मी मुद्दाम घेतो. स्टॅनफर्डकडून खेळताना २०२१ मध्ये ती अमेरिकन विद्यापीठांची वैयक्तिक विजेती झाली, तेही पहिल्याच वर्षी. सगळ्यांनी तिला भावी तारा ठरवून टाकलं होतं. दुखापती आल्या, त्या काळात तिने स्वतःला तपासलं आणि २०२४ मध्ये जाहीर केलं की आपण प्रो होणार नाही. ती अमेरिकन हवाई दलात अधिकारी झाली. सतत प्रवासातलं, लोकांच्या नजरेतलं आयुष्य आपल्याला नको, हे तिने स्पष्टपणे लिहिलं. खेळ येत नव्हता म्हणून तिने सोडलं नाही. त्या खेळाभोवती जे जगणं येतं ते तिला नको होतं. मला तिचं हे लिहिणं फार धीराचं वाटलं, कारण तिच्याकडून लोकांच्या अपेक्षा प्रचंड होत्या.

ही परंपरा जुनी आहे. बॉबी जोन्स वकील होता. १९३० मध्ये त्याने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळ थांबवला. फ्रेड रिडली १९७५ चा यूएस ॲमॅच्युअर विजेता, तोही वकिलीतच राहिला. ही स्पर्धा जिंकूनही कधीच प्रो न झालेला शेवटचा विजेता म्हणून त्याचंच नाव घेतात. २०१७ पासून तो मास्टर्स स्पर्धा भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबचा अध्यक्ष आहे. जे सिगेलची गोष्ट जरा वेगळी. कॉलेजात असताना काचेच्या दारामुळे हाताला मोठी जखम झाली, प्रो व्हायचा विचार मागे पडला, त्याने विम्याचा व्यवसाय केला. व्यवसाय सांभाळून त्याने दोनदा यूएस ॲमॅच्युअर आणि एकदा ब्रिटिश ॲमॅच्युअर जिंकली. पन्नाशीला पोचल्यावर मग प्रो झाला आणि सीनियर टूरवर आठ स्पर्धा जिंकला.

मॅट पार्झियाल हा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचा अग्निशमन जवान. तो आधी प्रो म्हणून छोट्या टूरवर खेळून आला होता, जमलं नाही, नोकरी धरली आणि हौशी दर्जा परत घेतला. २०१७ मध्ये पंचविशीच्या पुढच्या हौशींची यूएस मिड-ॲमॅच्युअर स्पर्धा त्याने जिंकली आणि पुढच्या वर्षी तो मास्टर्समध्ये खेळला. हौशी दर्जा परत मिळतो, हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि साधारणपणे सहा महिने थांबावं लागतं.

मुंबईला हे नवं नाही

नोकरी सांभाळून सर्वोच्च दर्जाचा खेळ खेळायचा, ही कल्पना मुंबईला कुणी समजावून सांगायला नको. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. टाइम्स शील्डच्या सामन्यांना ऑफिसं आपापले संघ उतरवत आणि त्यात भारताचे खेळाडू दिसत. कबड्डीतही हेच. महिन्याचा पगार बँकेतून किंवा कंपनीतून यायचा आणि खेळ मन लावून व्हायचा. या खेळाडूंना कुणी अर्धवट म्हटलं नाही. मग बीकेसीत नोकरी करून राष्ट्रीय हौशी स्पर्धा खेळणाऱ्या गोल्फरला 'काहीतरी राहून गेलं' अशा नजरेने का बघायचं? फरक एवढाच की त्या ऑफिसांनी खेळाडूला सरावासाठी सुट्टी दिली. गोल्फरला रजा मागावी लागते. मुंबईतल्या कंपन्या गोल्फवर बराच पैसा खर्च करतात, पण तो ग्राहकांना खेळवण्यावर. एखाद्या कंपनीने हौशी गोल्फर नोकरीवर घेऊन वर्षाला आठ आठवडे भरपगारी खेळायला दिले, तर त्याचा उपयोग आणखी एका कॉर्पोरेट स्पर्धेपेक्षा जास्त होईल असं माझं ठाम मत आहे. नियमांचीही आता आडकाठी नाही.

मुंबईची स्वतःची अडचणही आहे. कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब, ताडदेवचा विलिंग्डन, चेंबूरचा प्रेसिडेन्सी, हे शहरातले जुने कोर्स जागेच्या मर्यादेत बसवलेले आहेत. इथे अचूकपणा शिकायला मिळतो, लांबी शिकायला मिळत नाही. जून ते सप्टेंबर पावसात फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच रुततो, ग्रीन संथ होतात. दिल्ली, चंदीगड, बंगळूर या भागांतल्या मुलांना जेवढी मैदानं जवळ आहेत तेवढी इथे नाहीत. मुंबईचा मुलगा घरच्या कोर्सवर फेरीत ६८ फटके मारत असेल, तर बाहेर तो किती मारतो हे आधी विचारलं पाहिजे.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड. देशातल्या महिला टूरवरच्या रकमा पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी आहेत आणि खर्च तेवढाच. विमान आणि हॉटेल मुलगी म्हणून स्वस्त देत नाही. अदिती अशोक टोकियोत चौथी आली, तेव्हा सगळा देश पहाटे उठून तिचं गोल्फ बघत होता. त्या सकाळीनंतर महिला गोल्फमध्ये पैसा ज्या प्रमाणात यायला हवा होता, तसा आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथपर्यंत जे लिहिलं ते निवड करू शकणाऱ्यांबद्दल. गोल्फच्या मैदानावर दुसराही एक गुणी खेळाडू असतो आणि त्याला विसरून हा विषय पुरा होत नाही. तो बॅग उचलतो. भारतातल्या अनेक क्लबांत सोमवारी कोर्स सभासदांसाठी बंद असतो आणि कॅडींना खेळायला मिळतं. जुन्या, कुणीतरी दिलेल्या क्लबांनी, बूट नसताना शिकलेल्या या मुलांतून भारतीय व्यावसायिक गोल्फ उभं राहिलं आहे. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होते आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर, तिथेच तो शिकला आणि युरोपियन टूरवर जिंकला.

कॅडीच्या मुलासाठी प्रश्न उलटा असतो. हौशी राहून त्याला काय मिळणार? सभासदत्व नाही, परदेशी विद्यापीठ नाही, अकराची मीटिंग नाही. हौशी स्पर्धेचा चषक घरी नेऊन भाडं भरता येत नाही. प्रो होणं किंवा पैसे घेऊन शिकवणं हाच त्याचा खेळातून मिळणारा घास आहे, आणि दोन्हींत हौशी दर्जा जातो. म्हणून तो प्रो होतो, त्याचा हँडिकॅप काय सांगतो ते न पाहता. 'हिंमत' हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरावा. आणि सभासदाच्या मुलाचा नकार जितका समजून घ्यायचा, तितकाच याचा होकारही. एकाच्या पाठीशी दुसरं उत्पन्न आहे आणि दुसऱ्याच्या नाही, एवढ्यावर दोघांचे रस्ते वेगळे होतात. गुण दोघांत सारखे असू शकतात. १९६५ मध्ये बिल्लू सेठी यांनी हौशी म्हणून इंडियन ओपन जिंकली, हा मान आजवर दुसऱ्या कुणा हौशी खेळाडूला मिळालेला नाही. त्या आठवड्यात त्यांची बॅग ज्याने उचलली त्याला खेळ किती येत होता, हे कुठे नोंदलेलं नाही.

ज्यांच्या घरी हा निर्णय आत्ता तोंडावर आहे त्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो. प्रो स्पर्धेत खेळायला प्रो व्हावं लागत नाही. पीजीटीआयच्या स्पर्धांत हौशी खेळाडू खेळतात, फक्त बक्षिसाची रक्कम घेत नाहीत. मुलाला किंवा मुलीला वर्षभरात अशा पाच-सहा स्पर्धा खेळू द्या, घरच्या कोर्सवरच्या नव्हे, तर बाहेरगावच्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन आकडे वहीत लिहा, कट किती फटक्यांवर पडला आणि आपले किती झाले. पाचपैकी चार वेळा कट पार होत असेल आणि त्यातल्या एक-दोन वेळा नाव वरच्या वीसांत असेल, तर दोन वर्षांच्या खर्चाची सोय लावायला घ्या. दर वेळी दोन-तीन फटके कमी पडत असतील, तर आणखी एक वर्ष हौशी राहून काही बिघडत नाही. आणि दहा फटके कमी पडत असतील, तर पुढच्या महिन्यातली हौशी स्पर्धा बघा, नाव द्या आणि मन लावून खेळा.